दहा वर्षांचं कार्ड

लाइट बिलांच्या फाइलीत, सिडकोच्या नोटिशीमागे
सापडलं एकदाचं.
पिवळं, मधोमध दुमडलेलं, घडीवर विरलेलं.
नागरी आरोग्य केंद्र, घणसोली.
जागृती नरेश मढवी, वय अठ्ठावीस, अपत्य एक.
बसवल्याची तारीख. काढायची तारीख.
मधे एक आडवी रेघ,
एवढीच काय ती दहा वर्षं.

सिस्टर म्हणाली होती,
तांबी बसवायचीय ना, मग पाळीच्या तिसऱ्या दिवशी ये.
बसवायची.
हा शब्द मी तोवर घटाला वापरलेला,
गणपतीला,
आणि पाण्याच्या मीटरला.

टेबलावर आडवी झाले तर वर पंखा,
त्याचं एक पातं वेगळ्याच रंगाचं.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय करतेस?
म्हटलं, वाशीच्या मार्केटात, कांदा-बटाट्यात,
गाळ्यावर हिशेब लिहिते.
मग हिशेबाला पक्की असशील, असं त्या म्हणेपर्यंत
एक कळ आली आणि पंखा थोडा जवळ आला.
तीन रात्री मी घाबरले होते त्या मानाने
लहानच होती कळ.

मोठं ते पुढे होतं.
तीन महिने अंगावरून जायचं, धो धो,
गडद सलवारी, पर्समधे जुनं कापड,
गाळ्यापासून बायकांचा संडास दोन विंगा लांब.
काढून टाका सांगायला दोनदा निघाले,
दोनदा बस चुकली.
चौथ्या महिन्यात ती माझी झाली
की मी तिची, कोण जाणे.

नरेशने अंधारात विचारलं, तुटणार नाही ना गं?
म्हटलं, तांबं आहे,
तुमच्या आईचा माठ नाही.
मग आम्ही दोघंही उशीत तोंड घालून हसलो,
पलीकडे आई झोपल्या होत्या.

आई विचारायच्या, पोरीला भावूस कवा?
दर दिवाळीला. मग दर दिवाळी-शिमग्याला.
मी म्हणायचे, बघू.
वडाला दोरा मीही गुंडाळला त्यांच्यासोबत,
सात जन्मांचं त्यांनी मागितलं.
माझा दोरा आत होता,
महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी
बोटाच्या टोकाने चाचपायचा:
आहे.
तेवढीच माझी पूजा.

सासऱ्यांची भातखाचरं शहर आखायला गेली.
साडेबारा टक्के परत येणार होती,
ती यायला केस पांढरे झाले त्यांचे.
या शहरात सगळ्याचं नियोजन दुसऱ्याने केलेलं,
सेक्टर, नाला, झाडाची जागासुद्धा.
मला वाटायचं, एवढी वीतभर जागा तरी
न विचारता माझी.
तांब्यात आणि ताब्यात
एका टिंबाचा तर फरक.

खाडीच्या चिखलात रोहित दहादा आले, दहादा गेले.
भार्गवी दोनची बाराची झाली.
मी हिशेबाची वही सोडून कॉम्प्युटरवर आले.
सासरे गेले. आईंनी विचारायचं सोडलं.

काल गेले. डॉक्टर नवी, पोरगीच.
म्हणाली, ताई, जोरात खोका.
खोकले.
दहा वर्षं एका खोकल्यात निघाली.
दाखवा, म्हटलं.
स्टीलच्या ट्रेमधे काडीएवढं काहीतरी,
दोन हात पसरलेलं, तांबं काळपट पडलेलं,
आमच्या देव्हाऱ्यातल्या पळीसारखं.
चिंच लावून घासावंसं वाटलं, खरंच.

नवी बसवू, की मूल हवंय?
हवं असेल तर लगेच राहू शकतं हं, ती म्हणाली.
दहा वर्षांपूर्वी याच दारातून बाहेर जाऊन
मी घरी फोन लावला होता.
या वेळी पर्समधे फोन वाजत होता,
वाजू दिला.
आपल्याला काय हवंय ते
पंख्याकडे बघत नीट विचारलं स्वतःला.
(पातं अजून तेच.)
बसवा, म्हटलं.

नवं कार्ड पांढरं आहे.
भार्गवीने ते माझ्या हातातून घेतलं,
तारीख वाचली, बोटांवर मोजलं:
म्हणजे तेव्हा मी बावीसची.
आणि हे कसलं गं, आई?

मी पंखा लावला. चपला तशाच पायात.
बस इथे, म्हटलं,
सांगते.